वेदनेचे मोजमाप आणि झाडीपट्टीचे शब्द

ताप पाऱ्याने मोजता येतो. वेदना रुग्णाने सांगावीच लागते. म्हणून वेदनाशामकाची परीक्षा ही काही अंशी भाषेचीही परीक्षा होय. त्वचा व अंतरिंद्रिये निबर करणाऱ्या सार्वदेहिक स्क्लेरोडर्मा या विरळ रोगात हे विशेष जाणवते. थंडीत पांढरी पडणारी बोटे बधिरतात, त्यांत मुंग्या येतात, त्यांवरील व्रण ठसठसतात, सांधे आखडतात, अन्ननलिकेत जळजळ होते. पॅरासिटामॉल सांध्यांना थोडाफार उतार देईल, जळजळीस नव्हे. आयब्युप्रोफेनाने तर जठर व मूत्रपिंड यांस अपायही संभवतो. हे सारे ‘दुखते’ या एका क्रियापदाखाली घालून शून्य ते दहा अशा रेषेवर खूण करावयास सांगितल्यास, औषधाने नेमके काय शमविले हे कळावे कसे?

स्टीन व मेड्सगर यांनी 1997 मध्ये या रोगासाठी मांडलेल्या प्रश्नावलीत रेनो-विकार, बोटांचे व्रण, आतडी व श्वास यांच्या रेषा वेगळ्या केल्या, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे. तथापि तो भेद अवयवांचा आहे, वेदनेच्या जातीचा नव्हे. मेलझॅक यांच्या 1975 च्या मॅगिल प्रश्नावलीत जातींचा विचार आहे. परंतु तिचे 20 गटांतील 78 शब्द प्रायः इंग्रजी विशेषणे आहेत. मराठीत वेदना मुख्यत्वे क्रियापदांत वसते: ठणकणे, चुरचुरणे, कळ येणे. कर्ता बहुधा अवयवच असतो: ‘हात दुखतो’. शिवाय ‘दुखणे’ म्हणजे वेदना, तसाच आजारही. ‘दुखणे किती दिवसांचे?’ या प्रश्नास म्हणूनच दोन निराळी उत्तरे संभवतात.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात ही अडचण वाढते. झाडीबोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ व ‘ण’च्या जागी ‘न’ येतो; भामरागडकडील माडिया द्राविड कुळातील, तर सिरोंच्याकडे तेलुगूचा वावर. शहरी मराठीतील प्रश्नावली येथे प्रमाण मानता येणार नाही.

राणी व अभय बंग यांनी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांत स्त्रीरोग आढळले; पूर्वी तपासणी झालेल्या मात्र 8 टक्केच होत्या. न विचारलेले दुखणे नसलेले ठरत नाही, हा त्याचा बोध. राणी बंग यांच्या ‘कानोसा’चे महत्त्वही याच दृष्टीने जोखावयास हवे: तेथे रुग्ण स्त्रीचे बोलणे हेच साधन मानले आहे.

सारांश, वेदनाशामकाचे संशोधन या प्रदेशात करावयाचे झाल्यास आधी शब्दसंग्रह, मग मोजपट्टी, हाच क्रम युक्त होय. अन्यथा औषध निरुपयोगी ठरेल, आणि दोष मात्र प्रश्नाचा असेल.