स्वर्गस्थांची साक्ष

आमच्याकडच्या शालेय वक्तृत्वस्पर्धांत एक विषय हमखास असतो : 'शिवाजी महाराज आज असते तर...' गेली कित्येक वर्षे मी परीक्षकाच्या खुर्चीवर बसून तो ऐकतो आहे. महाराज आज काय करतील, हे आठवीतल्या पोराला बिनचूक ठाऊक असते. त्याच्या वडिलांना जे पटत नाही, ते महाराज बंद करतात! वडील दुकानदार असले तर कर उठवतात, बागायतदार असले तर उसाला भाव देतात.

घोडनदीच्या बाजारात आणि दौंडच्या फलाटावर याच विषयाची विनोदी आवृत्ती चालते. तिला ना लेखक, ना प्रकाशक. त्यामुळे टीकाकारांनी तिच्याकडे कधी पाहिले नाही. फराळाच्या निमित्ताने आपण पाहू या.

टिळकांचे उदाहरण घ्या. १८९३ साली त्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले आणि १८९७ साली 'केसरी'तून सरकारला विचारले की डोके ठिकाणावर आहे काय. आमचा विनोदकार म्हणतो, 'टिळक आज असते तर ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे उभे राहून विचारते, कान ठिकाणावर आहेत काय?' कोटी फक्कड आहे. पण ती सांगणारे गृहस्थ त्याच मंडळाचे जुने वर्गणीदार! टिळकांच्या तोंडून बोलले की यांना अध्यक्षांशी बोलावे लागत नाही. वाघाचे कातडे पांघरून केलेल्या या तक्रारीला मी विनोद म्हणायला तयार नाही.

गांधीजींवरचा विनोद याहून वरच्या दर्जाचा. १९९६ पासून निघालेल्या नोटांच्या मालिकेवर त्यांचे हसरे चित्र आहे. 'बापू हे सगळे पाहून हसतात कसे?' असे एकाने विचारले. दुसरा म्हणाला, 'पाहतात कुठे? आपण नोटेची घडी घालूनच देतो ना!' या 'आपण'मध्ये सांगणारा सापडला, ऐकणारा सापडला, आणि माझाही हात नकळत खिशाकडे गेला.

रंगभूमीने हे मर्म ओळखले आहे. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या २०१२ च्या नाटकात यम महाराजांचे विचार न्यायला येतो. ते असतात जिरेटोपात, आणि तो टोपच हरवतो. मग त्याचा शोध. राजकुमार तांगडे यांनी महाराजांच्या तोंडी चार फर्माने घालून टाळ्या घेतल्या नाहीत. टोप बसेल असे डोके आपल्यात कोणाचे, हा प्रश्न त्यांनी प्रेक्षकांत सोडून दिला. आमच्या वक्तृत्वपटूंना हे नाटक एकदा दाखवले पाहिजे. परीक्षकांना आधी.

पण मी ऐकलेला सर्वोत्तम मासला पाबळच्या एस.टी.तला. पाबळला मस्तानीची कबर आहे. बाजीराव १७४० च्या एप्रिलात रावेरखेडीला गेले, आणि त्याच वर्षी तीही गेली. तिच्या नावाचे दूध-आइस्क्रीमचे पेय पुण्यात घरोघर माहीत आहे. मागल्या बाकावरची एक म्हातारी नातवाला म्हणत होती, 'जितेपणी तिच्या हातचं पाणी चाललं न्हाई, आन् आता तिच्या नावानं गिलास-गिलास पितात. ती आज असती तर हसली असती का रडली असती, काय म्हाईत!' बसमधले लोक हसले. मग कोणी काही बोलले नाही. पुण्यातल्या त्या पेयाचा घोट मला अजून पूर्वीसारखा उतरत नाही.

एक मात्र खटकते. केडगावच्या पंडिता रमाबाईंना असल्या साक्षीला कोणी बोलावीत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे उभे राहून, मुलींच्या शिक्षणासाठी स्त्री-शिक्षिका तयार करा आणि स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण द्या, असे या बाईंनी सांगितले. एवढी नामांकित साक्षीदार, आणि विनोदात तिची जागा रिकामी. पुण्याहून दौंडला येताना हा विचार मी आमच्या शाळेतल्या एका बाईंना बोलून दाखवला आणि विचारले, 'रमाबाई आज असत्या तर काय म्हणाल्या असत्या हो?'

बाई पाटीतली डाळिंबे निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'त्या विचारतील, सर, तुमच्या शाळेत बाई मुख्याध्यापक अजून एकदाही कशी झाली नाही?'

केडगाव यायला अजून दोन स्टेशने होती. मी खिडकीबाहेरचा ऊस पाहत बसलो.