दोन कप्प्यांमधली पैनगंगा

भाच्याला नाणी द्यायची ठरली, तेव्हा नाणी निवडायला मला एक संध्याकाळ पुरली. अल्बम निवडायला दोन महिने लागले. नाणी आबाजींच्या डब्यातली. उमरखेडच्या घरून यवतमाळला आलेला पितळी डबा, आत सगळी सरमिसळ. अल्बम मात्र क्रम लावतो, आणि दहा वर्षांच्या पोराच्या हाती पहिल्यांदा जो क्रम पडतो, तोच त्याच्या मनात घर करून बसतो. म्हणून एवढी चिकित्सा.

मुलांसाठी म्हणून मिळणारे बरेच अल्बम छापील असतात. गोल खाचा, प्रत्येक खाचेखाली साल. नाणं मिळालं की खाच भरायची, एवढंच काम मुलाला उरतं. वर पाठीमागे पुठ्ठा डकवलेला, म्हणजे छापा दिसला तर काटा कायमचा झाकला. असला अल्बम मी हातात घेऊन खाली ठेवला.

मऊ, चकचकीत कप्प्यांचे अल्बम तर घेऊच नयेत असं माझं ठाम मत आहे. एकदा स्वस्तात मिळाला म्हणून तसला घेतला होता. दोन उन्हाळ्यांनी उघडून बघते तो तांब्याच्या नाण्यांवर हिरवा, चिकट थर आणि कमळाचे पिवळे वीस पैसे प्लास्टिकला धरून बसलेले. पीव्हीसीचं प्लास्टिक जुनं होताना त्यातून आम्ल सुटतं, ते तांब्याला खातं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, लोखंडी कपाट आतून भट्टीसारखं तापतं. तिथे हे काम आणखी लवकर होतं. नव्या पावसाळी चपलेसारखा वास आला की अल्बम परत करावा.

शेवटी घेतली ती रिंगांची साधी फाइल. पॉलिप्रॉपिलिनची कडक पानं, एका पानाला 20 कप्पे, आणि प्रत्येक नाण्याला पुठ्ठ्याचं चौकोनी होल्डर, मध्ये पारदर्शक खिडकी. होल्डरला मारलेल्या पिना पकडीने दाबून सपाट केल्या, नाहीतर त्या शेजारच्या नाण्याला ओरखडे काढतात. पानांमध्ये काळे कागद घातलेले होते. त्यांच्यावर चांदी खुलते, हे खरं. तरीही ते मी काढून टाकले.

का काढले, ते भोकाच्या पैशाने दाखवलं. 1943 साली, महायुद्धात तांबं वाचवायचं म्हणून सरकारने पैशाच्या मध्यभागी भलं मोठं भोक पाडलं. 1947 पर्यंत तो तसाच निघत राहिला. काळ्या कागदावर ते भोक नुसता काळा ठिपका दिसतं. कागद काढून पान खिडकीकडे धरलं, तर त्यातून उजेड येतो आणि अंगणातला कडुनिंब दिसतो. धातूची टंचाई म्हणजे काय, हे मुलाला डोळ्यांनी दाखवणारं दुसरं काही माझ्याजवळ नाही.

पण ज्या पानासाठी ही फाइल घेतली, ते पान दोन रुपयांचं आहे. एक कलदार, पंचम जॉर्जचा, बरोबर एक तोळ्याचा. शेजारी हाली शिक्का, निजामाचा, वजनाला थोडा हलका. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि इकडे कलदार चालू लागला. पैनगंगेपलीकडे 1948 पर्यंत निजामाचं राज्य. माहूरच्या रेणुकेला निघालेला यवतमाळचा माणूस नदी उतरला की खिशातला रुपया परका व्हायचा. सरकारी भाव सहा कलदारांना सात हाली. सराफाचा बट्टा वेगळा. आबाजींच्या डब्यात दोन्ही का होते, हे त्यावरून कळतं. कापूस अलीकडे विकायचा आणि सोयरीक पलीकडे, असं ते घर.

मी ते दोन रुपये लगतच्या कप्प्यांत घातले. मधली प्लास्टिकची शिवण जेमतेम तीन मिलिमीटरची. तीच पैनगंगा.

भिंगातून हाली बघावा. मधोमध चारमिनार, चारही मनोरे सुटे सुटे, आणि खालच्या कमानीत एक एकुलतं अक्षर. महबूब अली खानाच्या रुपयावर ते 'मीम' असतं, उस्मान अली खानाच्या रुपयावर 'ऐन'. राजाचा चेहरा कुठेच नाही. नावाचं पहिलं अक्षर तेवढं दारात उभं. कलदारावर मुकुट, दाढी, हत्तीचं चित्र असलेली साखळी, सगळा थाट. त्याच्याशेजारी ही एका अक्षराची राजमुद्रा मला फार देखणी वाटते. आमच्याकडचा 'ऐन'चा आहे, आणि त्याचं वळण बोटाने झिजून गुळगुळीत झालंय.

फाइल दिली तेव्हा त्या पानावर पहिल्या ओळीनंतर काही नव्हतं. भाच्याला मी फक्त टांकसाळींच्या खुणा सांगितल्या. सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नाही तर कोलकाता. पुढची पानं नोएडाच्या ठिपक्यापासून सुरू करून टांकसाळीवार भरावीत, असा माझा बेत होता.

पुढच्या रविवारी तो किराणा दुकानातून सुटे घेऊन आला. पाच रुपयांचं एक नाणं त्याने निवडलं, होल्डरमध्ये बसवलं, आणि हालीच्या बरोबर खालच्या कप्प्यात सरकवलं. मी म्हटलं, अरे, हे नवं आहे, याचं पान पुढे. त्याने भिंग माझ्या हातात दिलं. सालाखाली चांदणी होती.

"आत्या, हे दोघं एकाच गावचे आहेत ना?"