घाटातली हडळ आणि झोपेचा हिशेब
कसाऱ्यासारख्या घाटात पांढऱ्या साडीतली बाई हात करते, ही ट्रकचालकांची कथा आपले लोकसाहित्याचे अभ्यासक ‘अंधश्रद्धा’ म्हणून नोंदवतात आणि मोकळे होतात. माझा आक्षेप इथेच आहे. ती मध्यरात्र उलटल्यावरच का दिसते? त्या प्रहरी शरीर झोप मागते. उघड्या डोळ्यांनाही क्षणभर डुलकी लागते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे ८ तास ठरवले. ५ पेक्षा कमी कामगारांचे मालक मात्र त्यातून सुटले. कथेतूनही मालक सुटतो. हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. जिला दवाखाना मिळाला नाही, तिच्याच माथी अपघाताचे खापर! श्रमिकांची कथा वाचताना तिच्यातला गैरहजर माणूस आधी शोधला पाहिजे.