परिचित शब्द, परके अर्थ

एकाच भाषेत वावरणाऱ्या दोन समाजगटांतील गैरसमजांचा विचार करताना मराठी समीक्षेचे लक्ष बहुधा अपरिचित शब्दांकडेच गेले आहे. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ (१९७२) प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातील कितीतरी शब्द मध्यमवर्गीय वाचकाच्या कानावरून कधी गेलेले नव्हते. विजय तेंडुलकर यांच्या प्रस्तावनेतही या अनोळखी शब्दसृष्टीची दखल आहे. तथापि न समजलेल्या शब्दाचा अर्थ विचारता येतो. समजला आहे असे वाटणारा शब्द अधिक दिशाभूल करतो, कारण त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही.

‘बलुतं’ हा असा शब्द होय. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुते ही ग्रामव्यवस्थेतील एक बाब आहे : सेवेच्या बदल्यात कुणब्याने पिकातून द्यावयाचा वाटा. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) तोच शब्द घेणाऱ्याच्या बाजूने उच्चारला जातो. तेथे तो दारोदार मागितलेल्या भाकरीशी, वेठीशी आणि मानहानीशी जखडलेला आहे. देणाऱ्याच्या लेखी जो व्यवहार, तो घेणाऱ्याच्या लेखी जन्माने वाट्याला आलेला भोग. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले, त्यामागे हीच जाणीव होती.

हा भेद दोन गटांमध्ये सरळ रेघ ओढून दाखविता येत नाही. ‘बलुतं’ वाचून दलित समाजातील काही सुशिक्षितही अस्वस्थ झाले. मागे टाकलेले जिणे चारचौघांत उघडे पडले, असे त्यांना वाटले. पांढरपेशा वाचकाने मात्र लेखकाच्या प्रांजळपणाची वाखाणणी केली. या वाखाणणीतही एक अंतर लपलेले आहे. प्रांजळपणा हा कबुली देणाऱ्याचा गुण. दया पवार देतात ती साक्ष आहे.

अनुवादात हा प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. हिंदीत या पुस्तकाचे नाव ‘अछूत’ झाले. ‘बलुतं’ हा शब्द देणारा व घेणारा या दोघांनाही एका संबंधात बांधतो. ‘अछूत’ हा शब्द एकाकडेच बोट दाखवितो. संबंधाच्या जागी व्यक्ती आली आणि देणारा शीर्षकातून नाहीसा झाला. जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादाने (२०१५) मूळ शब्द कायम ठेवला. तेथे परक्या वाचकाला निदान त्याचा अर्थ विचारावा लागतो. मराठी वाचकावर ती वेळ येत नाही, आणि त्याच्या वाचनातील उणीव नेमकी तेथेच आहे.