साडेतीन अंशांचा हिशेब

१९६५ च्या जुलै महिन्यात ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांचा जेमतेम दोन पानांचा लेख आला. विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेची धग आजही आकाशभर उरली आहे, याचा पहिला भक्कम पुरावा त्यात होता. त्यासाठी दोघांना १९७८ चं नोबेल मिळालं. लेखाच्या शीर्षकात मात्र विश्व नाही आणि आरंभही नाही. ४०८० मेगासायकलला आमच्या अँटेनाचं तापमान जास्त भरलं, एवढंच ते सांगतं. शास्त्रीय गद्याचा इतका देखणा नमुना मी क्वचितच वाचला असेल. तो देखणा झाला आहे शंकांमुळे.

न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या टेकडीवर बेल प्रयोगशाळेचा शिंगाच्या आकाराचा, वीस फुटी अँटेना होता. रेडिओच्या क्षेत्रातले लोक गोंगाट तापमानात मोजतात. अँटेना थेट डोक्यावरच्या आकाशाकडे वळवला की ६.७ केल्विन भरत. लेखाचा कणा म्हणजे या आकड्याचा जमाखर्च. वातावरणाचे २.३. अँटेनाच्या धातूत होणाऱ्या विद्युत-क्षयाचे ०.८. मागच्या बाजूनं जमिनीकडून शिरणारे फार तर ०.१. वजाबाकी केली की उरतात साडेतीन, एक अंश इकडे किंवा तिकडे. या साडेतीन अंशांना धनी नव्हता.

लेखाची खरी गोडी वजा केलेल्या रकमांमध्ये आहे. वातावरणाचा वाटा त्यांनी अंदाजानं धरला नाही. अँटेना हळूहळू क्षितिजाकडे कलवत नेला, की वाटेतल्या हवेचा थर जाड होतो आणि गोंगाट वाढतो. त्या वाढीवरून त्यांनी हवेचा हिस्सा काढला. रिव्हेट मारलेल्या सांध्यांतून गोंगाट येत असेल? सांध्यांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चिकटवून पाहिली, फरक पडला नाही. जमीन? एक छोटा प्रक्षेपक आसपास दहा ठिकाणी ठेवला आणि प्रत्येक वेळी अँटेना पूर्ण गोल फिरवून पाहिला, लहरींचं ध्रुवीकरण आडवं ठेवून आणि उभं ठेवूनही. लेखात हे सगळं एका वाक्यात आटोपलंय. त्या एका वाक्यामागची पायपीट डोळ्यांसमोर आणली, की त्याचं वजन कळतं. आणि मोजणार कशाशी तुलना करून? त्यासाठी द्रव हेलियमनं थंड केलेला, तापमान नेमकं ठाऊक असलेला संदर्भस्रोत पेन्झियसनं स्वतः बांधला होता.

अँटेनात घरटं केलेल्या कबुतरांची गोष्ट सर्वांना माहीत असते. त्यांची विष्ठा साफ केली, गोंगाट जेमतेम घटला. लेखात कबुतरं नाहीत, आणि तेच योग्य आहे.

पेन्झियस-विल्सन या जोडगोळीचं मोल कळायला त्याच टेकडीवरचा आधीचा एक लेख शेजारी ठेवावा. एको उपग्रहासाठी उभारलेल्या यंत्रणेचं मोजमाप एडवर्ड ओम यांनी १९६१ मध्ये छापलं होतं. हिशेबानं १८.९ केल्विन यायला हवे होते, आले २२.२. तफावत तीन अंशांच्या वर, म्हणजे जवळजवळ हीच. पण दोन्ही आकड्यांच्या त्रुटिमर्यादा एवढ्या रुंद होत्या, की ती त्यांत सहज सामावून गेली. ओम यांना दोष देता येत नाही, त्यांचं काम उपग्रहाशी होतं. पेन्झियस आणि विल्सन यांनी मात्र आपल्या उपकरणावर इतका अविश्वास दाखवला, की शेवटी त्रुटीला लपायला जागा उरली नाही. आणि लेखाअखेरीच्या आभारांत ओम यांचं नाव आहे, हे मला फार आवडतं.

मग अर्थ? त्यासाठी एकच वाक्य: संभाव्य स्पष्टीकरण याच अंकात डिकी, पीबल्स, रोल आणि विल्किन्सन यांनी दिलंय. मोजमाप आमचं, अर्थ त्यांचा, अशी स्वच्छ सीमारेषा. विल्सन तर तेव्हा विश्वाला आरंभच नव्हता असं मानणाऱ्या स्थिर-स्थिती सिद्धांताकडे झुकलेला होता. तो विषय त्यानं थेट फ्रेड हॉईल यांच्याकडून शिकला होता. म्हणजे आपल्या आवडत्या सिद्धांताला नडणारा आकडाही त्यानं तेवढ्याच काळजीनं छापला. हॉईल यांचे विद्यार्थी आपले जयंत नारळीकर. त्यांनी या प्रारणाच्या प्रचलित अर्थावर पुढे अनेक वर्षं शंका घेतली आणि लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी ताऱ्यांचा प्रकाश शोषून पुन्हा सोडल्याचं पर्यायी स्पष्टीकरण मांडलं. बहुतेकांना ते पटलं नाही. पण तीही याच घराण्यातली शंका होती, आकड्यांनी उत्तर मागणारी.

लेख मुद्रितशोधनाला आल्यावर दोघांनी आणखी एक टीप जोडली. ही साडेतीन अंशांची शिल्लक आकाशातल्या नेहमीच्या रेडिओ स्रोतांची तर नसेल? ४०४ मेगासायकलला आकाशाचं किमान तापमान १६ केल्विन मोजलं गेलं होतं. नेहमीचे स्रोत असते, तर तिथून ४०८० पर्यंत येताना तापमान याहून कितीतरी जास्त घसरायला हवं होतं. तेवढं ते घसरलेलं नव्हतं. छपाईच्या उंबरठ्यावर तीही शक्यता त्यांनी खोडून काढली.