वसतिगृहाबाहेरचे शिक्षण आणि आपली आत्मकथने

बिबवेवाडीच्या अप्पर इंदिरानगरात माझ्या शेजारी एक मुलगी राहते. दिवसभर एका दवाखान्यात केसपेपर काढते आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते. तिला शिक्षिका व्हायचे आहे. गेल्या पावसाळ्यात मी तिला दलित आत्मकथनांची चार पुस्तके वाचायला दिली. महिन्याने ती परत करताना म्हणाली, ‘‘सर, पुस्तकं चांगली आहेत. पण यात जो शिकतो तो बोर्डिंगात जातो. मी कुठं जाऊ? माझ्या पगारावर घर चालतं.’’

मला उत्तर देता आले नाही. या पुस्तकांवर मी अनेकदा बोललो आहे, लिहिले आहे. परंतु या प्रश्नाच्या बाजूने ती कधी वाचली नव्हती. म्हणून पुन्हा वाचायला बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

‘बलुतं’ १९७८ साली आले, ‘अक्करमाशी’ १९८४ साली. या कालखंडातील आत्मकथनांमध्ये शिक्षणाची एक निश्चित वाट दिसते. गावकुसाबाहेरून शाळेत, शाळेतून वसतिगृहात, वसतिगृहातून शहरात आणि नोकरीत. शिक्षण म्हणजे वस्ती सोडणे, आणि लेखन म्हणजे सोडलेल्या वस्तीकडे वळून पाहणे. ही वाट खोटी नव्हती. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय उभे केले नसते, तर मराठवाड्यातल्या कितीतरी मुलांच्या हाती लेखणी आली नसती. परंतु एका कालखंडाचे सत्य आम्ही समीक्षकांनी साहित्याचा साचा करून टाकले. जो वस्ती सोडून शिकला तोच शिकला, असे आम्ही न बोलता गृहीत धरले.

हे गृहीत आपल्या परंपरेलाही धरून नाही. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याने राबणे सोडून यावे, अशी अट तीत नव्हती. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते सकाळच्या वेळी. नोकरी करणाऱ्याला वर्गात बसून मग कामावर जाता यावे म्हणून. हातात पगार आणि काखेत पुस्तक, ही वाट वसतिगृहाच्या वाटेइतकीच आपली आहे. तिची समीक्षा मात्र झाली नाही.

साहित्यात ती वाट आहे काय? आहे, आणि ती प्रामुख्याने स्त्रियांच्या पुस्तकांत आहे. शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. शांताबाई १९४२ साली सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाल्या आणि पुण्याला दोन वर्षांचे प्रशिक्षण त्यांनी पुढे दहा वर्षांनी, १९५२ च्या सुमारास केले. आधी नोकरी आणि संसार, मग शिक्षण. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) सरकारी नोकरी, मुलेबाळे आणि स्वयंपाकघर सांभाळून एम.ए. करणारी बाई आहे. तिच्या अभ्यासाला अडसर घरातलाच आहे. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) आणखी पुढचा प्रश्न विचारते. संस्कृतची एम.ए. पदवी हाती असूनही त्यांना नोकरी नाकारली गेली. ती मिळाली विवाहानंतर, बदललेल्या आडनावानिशी. पदवी आणि शिक्षकाची खुर्ची यांच्यामध्ये जात उभी असते, हे एवढ्या स्पष्टपणे फार थोड्यांनी सांगितले आहे.

या तिन्ही पुस्तकांवर आम्ही काय लिहिले? वेदना, दुहेरी शोषण, स्त्रीची जाणीव. ते योग्यच होते. परंतु या स्त्रिया शिकल्या कधी, कोणत्या वेळेत, कोणाच्या परवानगीने, कोणत्या पैशांवर, हे आम्ही विचारले नाही. मीही विचारले नाही. आणि माझी चूक अधिक मोठी, कारण मी स्वतः त्याच वाटेने आलो आहे.

मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ साली स्थापन झाले. त्यानंतर काही वर्षांनी मी नाव घातले. तेव्हा मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर मी दिवाणजी होतो. पहाटे गाड्या उतरत, दुपारपर्यंत पट्ट्या लिहायच्या, संध्याकाळी वसुली. पुस्तके घरी येत, स्वाध्याय रात्री लिहायचे, रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र. मालकाने परीक्षेच्या दिवसांचा पगार कापला. तरी तीन वर्षांत बी.ए. झालो. अडलो ते पुढे. बी.एड. तेव्हा एक वर्षाचे होते, पण पूर्ण वेळ वर्गात बसायचे. नोकरी सोडली. ते वर्ष पत्नीने चार घरची धुणीभांडी करून काढले. माझ्या प्रमाणपत्रावर तिचे नाव नाही.

आज माझ्या शेजारणीपुढे हीच भिंत अधिक उंच आहे. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले. दूरशिक्षणाने ते करायचे तर उमेदवार आधीच प्राथमिक शाळेत प्रशिक्षित शिक्षक असावा, किंवा त्याने शिक्षक-प्रशिक्षणाचा एखादा अभ्यासक्रम वर्गात बसून पूर्ण केलेला असावा, अशी अट घातली. शिक्षकाला मुलांसमोर उभे राहूनच घडावे लागते, हे मला मान्य आहे. टपालाने आलेल्या पुस्तकांवर शिक्षक होत नाही. पण परिणाम काय होतो तेही पाहिले पाहिजे. पदवीपर्यंत दार उघडे, आणि शिक्षक होण्याच्या दारात दोन वर्षांच्या पगाराची मागणी. ती मागणी सगळ्यांना सारखी असली, तरी सगळ्यांच्या खिशाला ती सारखी नसते.

काही मित्र म्हणतील, ही नोकरदाराची कैफियत झाली. यात विद्रोह कोठे आहे? माझे म्हणणे असे की, वस्तीत राहून, वस्तीचे पोट भरून, वस्तीतल्याच मुलांना शिकवायची इच्छा धरणे हे बाहेर पडण्यापेक्षा कमी विद्रोही नाही. मात्र त्या इच्छेला अजून तिचे वाङ्मय मिळालेले नाही.

त्याचे एक कारण दूरशिक्षणाच्या रचनेतच आहे. मिलिंदने केवळ पदव्या दिल्या नाहीत. नागसेनवनात एका खोलीत चार जण राहत, भांडत, एकमेकांच्या कविता ऐकत. तेथेच १९५५ साली प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले. दूरशिक्षणात पुस्तक घरी येते. सोबती येत नाही. रविवारी जो शेजारच्या बाकावर बसतो, तो सत्र संपताच बस पकडतो. एकट्याने शिकलेल्याला आपले दुःख खाजगी वाटू लागते. माझ्या शेजारणीलाही आपण एकटीच अडलो आहोत, असे वाटत होते. हा दोष मी विद्यापीठावर टाकत नाही. त्याने गरिबाच्या घरी पुस्तक पोहोचवले, हे मोठेच काम केले. सोबत निर्माण करणे हे चळवळीचे काम होते. ते आम्ही केले नाही.

तेव्हा समीक्षकांना माझी सूचना आहे. शांताबाई, कुमुदताई आणि उर्मिलाताई यांची पुस्तके पुन्हा काढा. त्यांतला दिवस कसा सरतो, अभ्यासाचा तास कोठून चोरला जातो, त्या तासाची किंमत घरात कोण मोजते, हे वाचा. आणि ज्यांनी गाळ्यावर, दवाखान्यात, कारखान्याच्या दारावर बसून पदव्या घेतल्या, त्यांना लिहिते करा.

अप्परच्या विहारात आता दर रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जण बसतो. सगळे नोकरी करून शिकणारे. ती मुलगीही येते. तिच्या दोन वर्षांच्या पगाराची सोय अद्याप झालेली नाही. दरमहा थोडे थोडे जमवतो आहोत. मागच्या रविवारी तिने दोन पाने लिहून आणली आणि वाचून दाखवली. सुरुवात दवाखान्यातल्या केसपेपरांपासून आहे. तीत वसतिगृह कोठेच नाही.