शब्दांच्या यादीतली उतरंड

नॉर्मन लेविस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे पुस्तक १९४९ साली अमेरिकेत निघाले. ते कादंबरी नव्हे, कवितासंग्रह नव्हे. मग वाङ्मयीन नियतकालिकात त्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, आमच्या वस्त्यांतली जी मुले तालुक्याच्या अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसलेली असतात, त्यांतल्या अनेकांनी बाबुराव बागूल वाचलेले नसतात, नारायण सुर्वेही नाहीत. हे पुस्तक मात्र त्यांच्या पिशवीत असते. बँकेची परीक्षा, स्टाफ सिलेक्शनची परीक्षा, सगळीकडे कठीण इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारतात आणि त्यासाठी हे पुस्तक लागते. आपली माणसे जे सर्वांत जास्त वाचतात त्याची समीक्षा करायची नाही, हा समीक्षेचा सोवळेपणा झाला.

या पुस्तकाचे माझ्यावर ऋण आहे, ते आधी सांगतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आईवडील ऊसतोडीला जात. बी.ए.च्या पहिल्या वर्षी दोनशे पानी वहीत डाव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला मराठी अर्थ असे मी रोज वीस शब्द उतरवी आणि आठवड्याने त्यांतले पंधरा विसरे. लेविस हातात आल्यावर पहिल्यांदा कळले की शब्दाला मूळ असते, एक मूळ धरले की दहा शब्द ओळखीचे होतात. हा लेखक वाचक एकटा आहे असे धरून चालतो. उच्चार फोडून देतो, प्रश्न विचारतो, खाली उत्तर छापतो, चुकलात तर पुन्हा या म्हणतो. ज्याच्या घरात इंग्रजी विचारायला कोणी नाही, त्याला असा न रागावणारा मास्तर मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. माझे कित्येक मास्तर असे नव्हते.

आता तेच पुस्तक शिकवण्यासाठी पुन्हा वाचताना मात्र मी त्याच्या मांडणीपाशी अडकलो. 'शत्रूंचा अपमान कसा करावा' अशा अर्थाचे त्यात एक प्रकरण आहे. त्यातल्या दहा शब्दांत 'सायकोफंट' म्हणजे लाळघोट्या आहे, 'लेचर' म्हणजे कामांध माणूस आहे आणि त्याच पंगतीत 'आयकॉनोक्लास्ट' व 'एथिइस्ट' बसवलेले आहेत. मूर्तिभंजक आणि निरीश्वरवादी ही शत्रूला द्यायची विशेषणे! बिझंटाइन साम्राज्यात आठव्या-नवव्या शतकांत पूजेच्या प्रतिमा फोडणाऱ्यांवरून पहिला शब्द आला आणि पुढे रूढी-परंपरांवर घाव घालणाऱ्या प्रत्येकाला तो लागू लागला. या अर्थाने पाहिले तर महात्मा फुले कोण होते? लेविस हे सारे खेळकरपणे लिहितात, निरीश्वरवाद्याशी त्यांचे काही वैर नाही, हे मी मान्य करतो. पण पाठांतर करणाऱ्या मुलाच्या हाती लेखकाचा खेळकरपणा लागत नाही, प्रकरणाचे शीर्षक तेवढे लागते. माझ्या एका विद्यार्थ्याने 'आयकॉनोक्लास्ट'पुढे 'वाईट माणूस' असे लिहिले होते. त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर जोतीरावांचे चित्र चिकटवलेले होते.

पुढचेच प्रकरण मित्रांची स्तुती कशी करावी याचे आहे. त्यात 'अर्बेन' आहे. लॅटिन 'उर्ब्स' म्हणजे शहर. शहरी तो सुसंस्कृत, सफाईदार, गोड बोलणारा. गावावरून आलेल्या 'रस्टिक'ची छटा मात्र अडाणीपणाकडे झुकते. 'व्हिलन' हा मुळात जमीनदाराच्या मळ्यावर राबणारा, 'बूर' हा शेतकरी, 'व्हल्गर' म्हणजे सामान्य लोकांचे ते. राबणाऱ्याचे नाव घ्यायचे आणि कालांतराने त्याची शिवी करायची, ही रीत इंग्रजीत शेकडो वर्षे चालली. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मनांचे राज्य आले, तेव्हापासून गोठ्यातल्या जनावराला गुराख्याचा शब्द राहिला, 'काऊ' आणि 'पिग'. ताटात आल्यावर त्याला धन्याचा शब्द मिळाला, 'बीफ' आणि 'पोर्क'. आपण ज्यांना प्रगत शब्द म्हणतो ते बहुतेक लॅटिन-ग्रीक घराण्यातले असतात. हे वाचून आपल्याकडच्या कोणी फार हुरळून जाऊ नये. आपल्याकडेही 'नागर' तो सुसंस्कृत आणि 'गावंढळ' तो अडाणी. संस्कृत काव्यशास्त्राने तर ग्राम्यत्व हा काव्याचा दोषच ठरवला. आमच्या लेखकांच्या भाषेला नाके मुरडणाऱ्यांनी वेगळे काही केलेले नाही, यादी जुनीच होती.

हे झाले परक्या समाजाचे. आता त्यात आपला समाज कुठे बसला आहे ते पाहू.

काही वर्षांपूर्वी वर्गात 'परायाह' हा शब्द आला. स्पर्धापरीक्षेच्या शब्दयाद्यांत तो हमखास असतो, अर्थ दिलेला असतो 'समाजाने वाळीत टाकलेला माणूस'. लक्षात ठेवण्याची युक्ती शिकवणीवाल्यांनी काढलेली आहे : परायाह म्हणजे आपला 'पराया', परका. युक्ती चांगली आहे, उच्चारही जुळतो. मी स्वतः चार वर्षे हीच युक्ती शिकवली. त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मग हा शब्द आपल्याकडनं गेला का?" मी 'हो' म्हणून पुढे जाणार होतो. पण 'पराया' इंग्रजीत कधी गेला हे मला ठाऊक नव्हते, म्हणून सायंकाळी ग्रंथालयातला मोठा कोश काढला.

शब्द आपल्याकडूनच गेलेला होता, पण 'पराया'शी त्याचा संबंध नव्हता. तमिळनाडूतील परैयर या जातीचे ते नाव आहे. 'परै' म्हणजे चामड्याचे ढोलवजा वाद्य, ते वाजवणारे ते परैयर. बहुसंख्य शेतमजूर, गावाच्या कडेला वस्ती, सणाला आणि मयताला वाजवायला बोलावणे. हलगी वाजवणारा मांग ज्याने पाहिला आहे त्याला अधिक सांगायला नको. युरोपीय लोक मद्रासच्या किनाऱ्यावर आले तेव्हा सतराव्या शतकात हे नाव इंग्रजीत शिरले. पुढे बेवारशी कुत्र्यालाही तेच लावले गेले, आणि आता जगाने बहिष्कृत केलेल्या देशालाही वर्तमानपत्रे ते लावतात. एका जिवंत समाजाचे नाव पृथ्वीभर 'वाळीत टाकलेला' या अर्थाने चालते आणि त्या समाजाच्या बहिणीची लेकरे आम्ही ते दोन गुणांसाठी पाठ करतो.

त्याच यादीत 'पंडित' आहे, अर्थ : तज्ज्ञ. 'ब्राह्मण' आहे, अर्थ : उच्चभ्रू, व्यासंगी व्यक्ती, कारण ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६० साली न्यू इंग्लंडमधल्या जुन्या विद्याव्यासंगी घराण्यांना हे नाव गौरवाने दिले. इंग्रजांनी भारतातून आणखीही पुष्कळ शब्द नेले, पण माणसांचे हे तीन शब्द शेजारी ठेवून पाहा. उतरंडीतले एकही मडके वाटेत हललेले नाही. मनुस्मृती इंग्रजीत भाषांतरित व्हावी लागली ती कायद्यासाठी. शब्दकोशात ती भाषांतराशिवायच पोचली.

या याद्यांची एक शाखा अमेरिकन प्रवेशपरीक्षांकडून आपल्याकडे आली. तिथला अनुभवही पाहण्यासारखा आहे. १९२६ साली सुरू झालेल्या 'सॅट' परीक्षेचे शिल्पकार कार्ल ब्रिगहॅम यांनी त्याआधी तीन वर्षे वंशावरून बुद्धीची प्रतवारी लावणारे पुस्तक लिहिले होते. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. त्या परीक्षेतला नाव वल्हवणारा आणि 'रिगाटा', म्हणजे नौकांची शर्यत, या जोडीचा प्रश्न पुढे वर्गभेदाचे उदाहरण म्हणून गाजला. कोणाच्या घरचे लोक नौकांच्या शर्यतीला जातात? २००५ मध्ये अशा जोड्यांचे प्रश्न काढले, २०१६ मध्ये दुर्मीळ शब्दांचा भारही उतरवला. आपण अजून त्याच याद्या विकत घेतो.

मग इंग्रजी सोडायची काय? हा सल्ला आम्हांला वारंवार मिळतो आणि देणाऱ्यांची नातवंडे बहुधा इंग्रजी शाळेत असतात. सावित्रीबाईंनी १८५४ च्या आपल्या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता, तो मला पुरेसा आहे. प्रश्न शब्द कुठून शिकायचे एवढाच आहे. लेविस 'गॅमोस' म्हणजे विवाह हे मूळ सांगून बहुपत्नीकत्व वगैरे शब्द समजावतात. तेच मूळ 'एंडोगमी'त, अंतर्विवाहात आहे, आणि १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीची किल्ली म्हणून हाच शब्द पुढे ठेवला. तो निबंध हाती दिला की मुले विधवेच्या सक्तीच्या वैधव्यापासून बालविवाहापर्यंत त्या एका शब्दाने चालत जातात आणि पुन्हा विसरत नाहीत. 'एंडॉस्मोसिस' हा तर जीवशास्त्राचा शब्द : पडद्यातून द्रव आत झिरपण्याची क्रिया. जॉन ड्यूईंनी तो समाजाला लावला आणि बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, लाहोरला न होऊ शकलेल्या १९३६ च्या त्या भाषणात, बंधुतेचा अर्थ सांगताना तो वापरला. एका गटातले दुसऱ्यात झिरपलेच पाहिजे, असा तो शब्द आहे. मी फळ्यावर दोन वस्त्या आणि मधला ओढा काढतो. कोशाची गरज नंतर लागते.

त्या मुलीने पुढे परीक्षा दिली. 'परायाह'चा समानार्थी शब्द विचारला होता, चार पर्याय होते. तिने 'वाळीत टाकलेला' यावरच खूण केली, कारण गुण हवा होता आणि नोकरीही. माझ्याकडे पेढे द्यायला आली तेव्हा तिची शब्दांची वही मी मागून घेतली. तिथे त्या शब्दापुढे तिने अर्थ खोडून लिहिले होते : 'परै वाजवणारे. गाव : तमिळनाडू. आपल्यासारखे.'